सड्यावरचं गवत उभं ठेवून गावाला पैसा कसा मिळेल?

कातळफूल
आमचं गाव राजापूर तालुक्यात. गावाच्या डोक्यावर आमचा सामाईक सडा, म्हणजे जांभ्या कातळाचं पठार आहे, साधारण चाळीस एकर. सातबारावर सत्तावीस नावं, त्यातली निम्मी माणसं आता हयात नाहीत, आणि जवळजवळ सगळं क्षेत्र 'पोटखराबा' म्हणून लागलेलं. म्हणजे सरकारदप्तरी ही लागवडीला नालायक जमीन.

गेल्या महिन्यात दोन जण विचारायला आले. एकाला पाच वर्षांच्या कराराने चिरेखाण (बांधकामाचे जांभ्या दगडाचे चिरे काढायची खाण) हवी आहे. दुसरे मुंबईचे. ते कातळात सुरुंग लावून खड्डे मारणार, बाहेरून माती आणून भरणार आणि हापूस लावणार. दोघांचेही आकडे ऐकून भाऊबंदांचे डोळे विस्फारले, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. घरं मोडकळीला आलीत, मुलांची शिक्षणं आहेत.

मी लहानपणापासून हा सडा बघते आहे. पहिल्या पावसाबरोबर दिपकाडीचे पांढरे तुरे येतात, श्रावणात पाणथळ जागी सीतेची आसवं आणि गेंद, नंतर तेरडा, कवला, आणि दसऱ्यापर्यंत कमरेएवढं गवत. काका म्हणाले, "गवत बघून पोट भरतं काय गो?" मला त्यांच्याशी भांडायचं नाही, त्यांच्यासमोर हिशोब मांडायचा आहे. सडा न फोडता त्यातून गावाला खरोखर काय मिळू शकतं? ज्यांनी काही करून पाहिलं आहे त्यांनी सांगा. दिवाळीनंतर सगळे भाऊबंद बसणार आहेत.

देवगडचो
ताई, आमच्या सड्यार आजोबांच्या वेळेक पन्नास-साठ गुरां चरत. पाळी लावन राखण असायची. आता गुराखी कोण ऱ्हवलो नाय, गुरां दावणीक नायतर मोकाट. गवत तसाच वाळता आणि शिमग्याच्या आधी वणवो लागता. गवताक मोल नाय म्हणान सडो इकूक काढतत, हां खरां.

टिटवी
कास पठारासारखं करा ना! सप्टेंबरात तिकीट लावा, गावातल्या मुलांना वाटाड्ये करा, घरगुती जेवण द्या. कास २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या इतर जागांबरोबर जागतिक वारसा यादीत गेलं आणि आजूबाजूच्या गावांना रोजगार मिळाला. तुमच्या राजापुरात तर कातळशिल्पंसुद्धा (कातळावर कोरलेली जुनी चित्रं) आहेत.

सडाभटक्या
टिटवी, कासचं उदाहरण पूर्ण घेऊया. तिथे गर्दी आवरायला कुंपण घातलं, त्यामुळे चराईही थांबली. मग गवत आणि झुडपं वाढून छोट्या फुलांना जागा उरत नाही अशी ओरड झाली आणि पुढे कुंपण काढावं लागलं. सड्यावरची बरीच फुलं बोटभर उंचीची असतात. गुरांनी थोडं खाल्लं, थोडं तुडवलं तर त्यांना ऊन मिळतं. म्हणजे फुलं बघायला येणाऱ्याच्या तिकिटाइतकीच गाईच्या तोंडाचीही गरज आहे.

आणि कोकणातला सडा कासइतका उंचावर नाही. इथला बहर थोडे आठवडे टिकतो, धो धो पावसात, आणि तेव्हा रस्तेही धड नसतात. सातशे माणसं एका रविवारी आली तर पावलांखाली काय उरेल याचा विचार करा. कातळावरची माती काही ठिकाणी दोन-चार इंचच असते.

कातळशिल्पांचं मात्र पटतं. एप्रिल २०२२ मध्ये कोकणातल्या कातळशिल्पांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत झाला. त्यात कशेळी, बारसू, देवाचे गोठणे, देवीहसोळ, रुंढेतळी ही राजापुरातलीच. ती कोरड्या दिवसांतच नीट दिसतात, तेव्हा फुलांना धक्का लागत नाही. कशेळीचा हत्ती पाहून माझा मुलगा अर्धा तास त्याच्याभोवती फिरत होता.

पाणवठा
फुलं, पर्यटन ठीक आहे, पण सड्याचं सगळ्यात मोठं उत्पन्न कुणाच्या नजरेला येत नाही कारण ते जमिनीखालून वाहतं. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एक हेक्टरवर तीन मीटर पाणी म्हणजे तीन कोटी लिटर. तुमचे चाळीस एकर म्हणजे सोळा हेक्टर, अठ्ठेचाळीस कोटी लिटर. यातलं दहा टक्के जरी मुरलं तरी जवळपास पाच कोटी लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर चार हजार आठशे टँकर. मे महिन्यात एका टँकरला तुमची ग्रामपंचायत काय मोजते ते विचारा आणि गुणाकार करा.

विहीरवाला
पाणवठा, गुणाकार बरोबर, निष्कर्ष धोक्याचा. मी विहिरी आणि बोअरची कामं करतो. जांभा भोकाभोकांचा आहे, पाणी पटकन घेतो आणि पटकन सोडतो. त्याच्याखाली चिकण मातीचा थर लागतो, पाणी तिथे अडतं आणि उतारावर झऱ्याच्या रूपाने बाहेर पडतं. पुष्कळसं पाणी दिवाळीपर्यंत वहाळातून समुद्राला मिळतं. म्हणून तर एवढ्या पावसाच्या प्रदेशात एप्रिलला टँकर लागतो. चार हजार आठशे टँकर असं बैठकीत सांगितलंत तर कोणीतरी उठून म्हणेल, "मग आमची विहीर मे महिन्यात कोरडी का?" आणि तुमच्याकडे उत्तर नसेल.

मोजायचं तर झरा मोजा. बादली घ्या, घड्याळ घ्या, दर महिन्याच्या एकाच तारखेला भरायला किती सेकंद लागतात ते लिहा. सडा आहे तसा ठेवल्यावर मे महिन्यात झऱ्याला किती पाणी राहतं हा खरा आकडा. गवताचं काम तिथेच कळतं. गवत आणि त्याची मुळं पावसाचा मारा अडवतात, पाणी जागेवर थोडं थांबतं, माती वाहून खाली विहिरीत आणि शेतात येत नाही.

पाणवठा
मान्य. दहा टक्के मी अंदाजाने धरले होते. बादलीचं मोजमाप जास्त प्रामाणिक आहे.

चिरा_कामगार
इथे सगळे खाणीच्या विरोधात दिसतात. मी स्वतः चिरेखाणीवर काम केलं, त्याच पैशात बहिणीचं लग्न केलं. कोकणातलं प्रत्येक घर, गडगा, विहिरीचा कठडा जांभ्याचाच आहे. चिरा कुठून तरी काढायलाच लागणार. शिवाय सोडलेल्या खाणीत पावसाचं पाणी साठतं, आमच्याकडे तिथे गुरं पाणी पितात.

विहीरवाला
दादा, तुमचं म्हणणं खरं आहे, चिऱ्याशिवाय घर नाही. प्रश्न जागेचा आहे. झऱ्याच्या वरच्या अंगाला खाण मारली तर पाण्याची वाट बदलते, हे मी दोन वाड्यांत डोळ्यांनी पाहिलंय. एकीकडचा झरा आटला, आणि कधी ओल नसायची अशा ठिकाणी पाणी फुटलं. आधी झरे कुठे आहेत त्याचा नकाशा करा, मग खाण कुठे चालेल ते ठरवा. आणि सोडलेल्या खाणीला कठडा घाला. पावसाळ्यात त्यात पोरं बुडाल्याच्या बातम्या दर वर्षी वाचतो.

चिरा_कामगार
कठड्याबद्दल शंभर टक्के.

लेखापाल
धाग्याचा मूळ प्रश्न पैशाचा आहे म्हणून थेट विचारतो, पैसे कोण देणार? फायदा होतोय हे सिद्ध करणं सोपं, तो घेणाऱ्याच्या खिशातून पैसे काढणं अवघड.

कार्बन क्रेडिटचं (हवेतला कार्बन साठवून ठेवल्याबद्दल मिळणाऱ्या पैशाचं) स्वप्न कोणी दाखवलं तर सावध राहा. गवताळ प्रदेशात कार्बनचा मोठा साठा जमिनीखाली मातीत असतो, म्हणून खोल मातीच्या माळरानांसाठी हा विचार योग्य आहे. सड्यावर माती किती, तर वर सडाभटक्यांनी लिहिलंय, दोन-चार इंच. मोजणीचा खर्चच उत्पन्नापेक्षा जास्त होईल.

केंद्राची हरित क्रेडिट योजना (पर्यावरणाच्या कामाबद्दल गुण देणारी) ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. फेब्रुवारी २०२४ मध्ये वृक्षारोपणाचे जे निकष निघाले त्यात हेक्टरी किमान १,१०० झाडं धरली होती. सड्यावर १,१०० झाडं लावणं म्हणजे सडाच संपवणं. झाड म्हणजे चांगलं आणि गवत म्हणजे पडीक, या समजुतीने गवताळ जमिनींचं नुकसान झालंय. आमच्या गावात एका योजनेत ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली. आता तिच्याखाली गवताची काडी नाही, गुरं तिला तोंड लावत नाहीत, आणि खालची माणसं विचारतात की अळंबी कुठे गेली.

फोडशीप्रेमी
अळंबीचं नाव निघालं म्हणून राहवत नाही. सड्याच्या कडेची फोडशी, टाकळा, कुरडू, भारंगी यांच्या जुड्या पावसाळ्यात रत्नागिरीच्या बाजारात हातोहात जातात. आमच्या आजीची फोडशी अशी: बारीक चिरून, मुळाकडचा पांढरा भाग काढून, कांदा आणि भिजवलेली मूगडाळ घालून वाफेवर. वरून ओलं खोबरं. तेल अगदी चमचाभर.

मात्र मुळासकट उपटू नका. कंद जमिनीत राहिला तर पुढच्या वर्षी परत भाजी. आमच्याकडे दोन बायका पहाटे येऊन टोपल्या भरून नेतात. त्यांना हे कोणी सांगायची गरज नाही, पण परगावाहून गाडी घेऊन येणारे सगळं ओरबाडतात.

लेखापाल
यावर एक उपाय कायद्यातच आहे. जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी, आणि व्यापारासाठी आपल्या हद्दीतून जैविक साधनं गोळा करणाऱ्याकडून शुल्क घेण्याचा अधिकार या समितीला कलम ४१ मध्ये दिलाय. बऱ्याच गावांत समिती कागदावर असते. लोकजैवविविधता नोंदवही (गावातल्या वनस्पती-प्राण्यांची नोंद) लिहिली गेली असेल तर ती उघडून बघा, त्यात तुमच्या सड्याची नोंद आहे का.

गोठा
मी दापोलीकडचा. सहा म्हशी, चार गाई. वैरणीचा खर्च हा माझा सगळ्यात मोठा खर्च, आणि गंमत म्हणजे माझ्या गोठ्यापासून दोन किलोमीटरवर गवताचा समुद्र आहे. मी घाटावरून कडबा आणि कुट्टी मागवतो, कारण सड्यावरचं गवत कापायला माणूस मिळत नाही आणि मिळाला तेव्हा गवत वाळून काडी झालेलं असतं.

गवत फुलोऱ्यावर आलं की कापायचं, तेव्हा त्यात पोषण असतं. दिवाळीनंतर कापाल तर ते नुसतं पोट भरायला. पण सगळं एकदम फुलोऱ्यात कापलं तर बी पडणार नाही आणि चार वर्षांत चांगल्या जाती कमी होऊन कुसळी गवत माजेल. मी तीन पट्टे केले. दर वर्षी एक पट्टा बी पडेपर्यंत तसाच ठेवतो. सामाईक ब्रश कटर घेतला, चार घरं मिळून. पहिल्या वर्षी विकतची वैरण निम्म्यावर आली. हा माझ्या एका गोठ्याचा अनुभव, सगळीकडे असंच होईल असं म्हणत नाही.

उत्तर कोकणात, वाडा-विक्रमगडच्या बाजूला, गवताच्या वखारी आहेत. तिथे गवत दाबून गठ्ठे बांधतात आणि मुंबईच्या तबेल्यांना जातं. म्हणजे गवताला बाजार नाही हे खरं नाही, आपल्याकडे बांधणी आणि वाहतूक नाही.

देवगडचो
तुमच्या म्हशींका कळला तर त्या वाडयाक पळतीत!

गोठा
त्यांना कळलंय, म्हणूनच दूध कमी देतात की काय 😄

हापूसवाली
मी बागायतदार आहे, सत्तर कलमं. वर बागेच्या विरोधात बोलणं झालंय म्हणून आमची बाजू सांगते.

तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत सड्यावरून वणवा उतरला आणि मोहरासकट अकरा कलमं होरपळली. मोठी धरलेली कैरी काळी पडून गळताना बघितली. त्या एका दुपारचं नुकसान आम्ही अजून भरून काढतोय. आमच्या बाजूच्या सड्यावर कोणी गवत कापलं असतं, दहा फुटांची जाळरेषा (आग अडवायला गवत काढून मोकळा केलेला पट्टा) काढली असती तर आग खाली आलीच नसती. त्यामुळे मी स्वतः दर कलमामागे काही रक्कम द्यायला तयार आहे, गवत वेळेत कापण्यासाठी आणि जाळरेषेसाठी. ते दान नाही, माझ्या बागेची राखण आहे.

दुसरं, मोहरावर येणाऱ्या माश्या आणि छोट्या मधमाश्या. अनेक जाती जमिनीत बिळं करून राहतात, मोहर नसतो तेव्हा सड्यावरच्या फुलांवर जगतात. आजूबाजूचा सगळा सडा फोडून बागच बाग केली तर मोहराला कीटक येणार कुठून? आम्ही तुडतुड्यांसाठी औषधं मारतो त्यात हे कीटकही मरतात, हेही मला मान्य करावं लागेल.

आणि पूर्वी आंब्याची आढी सड्यावरच्याच गवतात घालायचो. पेटीतही तेच गवत.

कातळफूल
हापूसवाली ताई, तुमचा प्रतिसाद मी छापून बैठकीत वाचणार आहे. पैसे कोण देणार या लेखापालांच्या प्रश्नाला पहिलं उत्तर तुम्ही दिलंत.

माळावरचा
सगळं वाचलं. आम्ही गवळी धनगर. आमची वाडी सड्याच्या टोकाला, आठ घरं. पणजोबांपासून याच सड्यावर गुरं चारतो. तुमच्या सातबारावरच्या सत्तावीस नावांत आमचं एकही नाव नाही.

तुम्ही गवताचे पट्टे पाडाल, ब्रश कटर आणाल, बागायतदार पैसे देतील, ते सातबारावाल्यांत वाटले जातील. मग आम्हाला कोणीतरी सांगेल की इथे चारू नका, इथे आता गवताची किंमत आहे. आजवर किंमत नव्हती म्हणून आम्हाला कोणी हटकलं नाही. वणवा दिसला की सगळ्यात आधी आम्ही धावतो, ओल्या फांद्या घेऊन. फुरसं (विषारी साप) कुठल्या दगडाखाली असतं आणि कुठलं पाणी शिमग्यापर्यंत टिकतं ते आम्हाला ठाऊक आहे.

वनजमिनीवर चराईचा हक्क २००६ च्या वनहक्क कायद्यात आहे, पण तिथेही आमच्यासारख्यांना तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा पुरावा द्यावा लागतो. खाजगी सड्यावर तर तोही मार्ग नाही. ताई, तुमच्या बैठकीत आमच्या वाडीतल्या दोन माणसांना बोलवा. बाकी काही मागत नाही.

सडाभटक्या
या धाग्यातला हा सगळ्यात महत्त्वाचा प्रतिसाद. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे कुरणं आणि पशुपालकांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलंय. दोन्ही नावं एकत्र घेतली आहेत. आपण इथे कुरणांवर पंधरा-वीस प्रतिसाद लिहिले तेव्हा कुठे पशुपालक बोलले.

गोठा
माळावरचा दादा, तुमच्याकडे कोकण कपिला गाय आहे का? ती नोंद झालेली जात आहे, आणि चढउतारावर, निकृष्ट गवतावर तगून राहते. दूध कमी, पण शेणखत आणि गोऱ्हे यांना आमच्याकडे मागणी आहे.

माळावरचा
आहेत. बावीस. जात नोंद झालीय हे मला इथेच कळलं. आम्ही नुसतं गावठी म्हणतो.

मुंबईची_सून
माझ्या सासरचा सडा गेला, विकला. तिथे आता प्लॉट पाडलेत, तारेचं कुंपण आहे, घर मात्र एकही नाही. गवत तसंच वाढतं आणि तसंच जळतं. विकताना मीच सह्या गोळा करत फिरले होते. हा धागा तेव्हा असता तर बरं झालं असतं.

कातळफूल
(दिवाळीनंतर) बैठक झाली, साडेचार तास. सगळं छान झालं असं नाही. सत्तावीस नावांपैकी अकरा हिस्सेदार आले, चौघांना आजही खाण हवी आहे. पण झऱ्याच्या वरच्या बाजूला, म्हणजे साधारण पंचवीस एकरांत, खाण किंवा सुरुंग नाही यावर सगळ्यांच्या सह्या झाल्या. उरलेल्याचा निर्णय पुढच्या वर्षावर टाकला. विहीरवाले, तुमचा झऱ्यांचा नकाशा उपयोगी पडला. तो आम्ही माळावरच्या वाडीतल्या एका आजोबांकडून काढून घेतला. त्यांनी आम्हाला कधीच माहीत नसलेले तीन झरे दाखवले.

खालच्या सहा बागायतदारांनी जाळरेषेसाठी वर्गणी दिली. ती रक्कम हिस्सेदारांत वाटायची नाही असं ठरलं. त्यातून धनगरवाडीतल्या चौघांना डिसेंबर ते मार्च वणव्याची राखण आणि जाळरेषेची मजुरी मिळेल, आणि त्यांची चराई पूर्वीसारखीच चालू राहील. हे बैठकीच्या वहीत लिहून घेतलं, त्यांच्याही सह्या घेतल्या. वही म्हणजे कायदा नव्हे हे मला कळतं. काका शेवटी म्हणाले, "पैसे थोडेच मिळाले गो." थोडेच मिळाले हे खरंच आहे. खाणवाल्याच्या आकड्याच्या जवळपासही नाहीत.

लेखापाल
खाणवाल्याचा आकडा पाच वर्षांचा होता. तुमचा दर वर्षीचा आहे. वहीत दोन्ही शेजारी लिहून ठेवा.

विहीरवाला
आणि बादली?

कातळफूल
पंधरा लिटरची बादली. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला भरायला बावीस सेकंद.

विहीरवाला
मिनिटाला एक्केचाळीस लिटर. आता मेपर्यंत दर महिन्याला इथे लिहा.

कातळफूल
(मे) डिसेंबर एकतीस सेकंद, जानेवारी चव्वेचाळीस, फेब्रुवारी साठ, मार्च अठ्ठ्याहत्तर, एप्रिल त्र्याण्णव. आज सकाळी एकशे दहा सेकंद लागले, म्हणजे मिनिटाला आठ लिटरच्या वर. झरा चालू आहे. यंदा सड्यावर वणवा लागला नाही. माळावरच्या वाडीतल्या पोराने बादली धरली होती, मी घड्याळ.